दादांच्या फोटोला लावलेलं लॉक

आमचे वडील, दादा, दोनदा गेले. पहिल्यांदा हृदयविकाराने. दुसऱ्यांदा तेराव्याला, भर दुपारी, माझ्यामुळे.

त्या दिवशी फ्रेमवाल्याने फोटो वेळेत दिला नाही. "त्यांचा चेहराच नाही, तर पान कोणापुढे ठेवू रे?" आई म्हणाली. मी माटुंग्याच्या माझ्या घरून कॉम्प्युटर आईच्या लालबागच्या घरी आणला. फोटो नुसता उघडून ठेवता आला असता. पण मी पडलो लिनक्सवाला, कॉम्प्युटरवर सोपं काही करवतच नाही! मी पुढे लॉक स्क्रीनवर दादा लावले, मागे डेस्कटॉपवरही दादा लावले आणि स्क्रीन लॉक केली. आता कोणाचा धक्का लागला तरी दादा हलणार नव्हते. (सकाळी हौसेने नवं अपडेटही टाकलं होतं. ते मात्र कोणाला बोललो नाही.)

मॉनिटरला हार घातला, समई लावली, पान वाढलं. आईने हात जोडले, आणि दादा गेले! काळी स्क्रीन, वर पांढरी इंग्रजी अक्षरं.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

माझ्या मोठ्या बहिणीने, ताईने, वाचलं. "लॉक बिघडलंय. आता उघडता येणार नाही."

मालवणहून आलेली आत्या ताडकन उठली. "दादाची काय तरी इच्छा रवली आसा! कावळो शिवलो नाय तर बोलतत, तसा बोला रे!"

"आत्या, प्रोग्राम क्रॅश झालाय गं!"

"तू गप रव!"

मी कीबोर्डवर झडप घातली. कंट्रोल, आल्ट, एफ-टू दाबलं की मागच्या दाराने आत शिरता येतं. तिथे पासवर्ड मागतात. टाइप करताना तो दिसत नाही, त्यात माझी बोटं खिरीने चिकट.

"दादा, मी दर रविवारी आईकडे येईन," ताई रडत म्हणाली. पासवर्ड चुकला.

"ह्या न्हय!" आत्या माझ्याकडे वळली. "झिला, तू बोल!"

काय बोलायचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. आई आता एकटी. तेरा दिवस तो विषय कोणी काढला नव्हता. माझ्याकडे दुसरी खोली होती, पण तिच्यात माझे कॉम्प्युटर राहत होते.

"दादा," मी पासवर्ड पुन्हा टाइप करत म्हणालो, "आईला मी नेतो. कॉम्प्युटरची खोली तिची." तेवढ्यात पासवर्ड लागला, लॉक सोडवायची कमांड दिली, आणि हारातून दादा हसले!

सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. अपडेट विसरून!

संध्याकाळी मी हळूच विचारलं, "आई, सामान कधी बांधायचं?"

"मला कोणी विचारलं का रे?" आई शांतपणे म्हणाली. "मी हे घर सोडून कुठेही यायची नाही."

मला वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि खोली वाचली म्हणून हायसंही वाटलं, याची लाज वाटली ती वेगळीच. आईने माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जा, सुटलास." चेहरा लॉक करायचा प्रोग्राम माझ्याकडे नव्हता.