गिरणीवरची दहा गाणी

जानेफळात दीपमालावहिनींच्या पिठाच्या गिरणीसमोर माझं शिलाईचं दुकान आहे. गेली सत्तावीस वर्षं मी त्यांची दहा गाणी ऐकतो आहे. ऐकतो म्हणजे सोसतो. सकाळी नऊला गिरणीचा पट्टा फिरला की ओट्यावरचा स्पीकरही सुरू होतो. मोडलेल्या एका बँडपार्टीकडून घेतलेला तो स्पीकर, आणि त्याचं तोंड नेमकं माझ्या दुकानाकडे.

गाणी भजनं नव्हेत, सिनेमातलीही नव्हेत. नव्वदच्या दशकात केबलवर लागायची ना, एक पोरगा डोंगरावर हात पसरून उभा आणि एक पोरगी उगाच केस उडवतेय, तसली. वहिनींचे यजमान इंद्रभान तेव्हा खामगावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हंगामी कामाला होते. त्यांनी तिथल्या दुकानात चिठ्ठी देऊन एक कॅसेट भरून आणली. दर बाजूला पाच गाणी. पाचवं पुरतं मावलं नाही, ते अर्ध्यातच तुटलं. पुढे कधीतरी ते टीव्हीवर पूर्ण लागलं तेव्हा वहिनी खवळल्या, "पाहा, गाणं वाढवून ठेवलं मेल्याइनं!"

आता कॅसेट नाही, पेनड्राइव्ह आहे. पण मुलगा हर्षलनं भरून देताना क्रम तोच ठेवला, पाचवंही तुटकंच ठेवलं. आईचा तसा हुकूमच होता.

गाण्यांची खरी नावं गावात कुणाला ठाऊक नाहीत, वहिनींनाही नाहीत. पहिलं शिट्टीवालं. नव्या नवरीला चारचौघांत नावानं हाक मारायची सोय नव्हती, म्हणून खामगावहून आलेले इंद्रभान वळणावरूनच त्या गाण्याची शिट्टी घालायचे आणि वहिनी चुलीवरची भाकर टाकून दारात यायच्या. चौथं जीपवालं. हर्षलच्या वेळी मेहकरला दवाखान्यात नेताना जीपमध्ये ते लागलं होतं. सासूबाई ड्रायव्हरला म्हणाल्या, बंद कर बे ते. वहिनी कळा देता देता ओरडल्या, "राहू द्या, चांगलं हाय!" नववं लागलेलं असताना गिरणीतून पहिलं पीठ पडलं. हे सगळं मी दोनशे वेळा ऐकलंय. गिऱ्हाईक नवीन असलं की वहिनी पहिल्यापासून सांगतात.

दळणही त्या गाण्यांवरच मोजतात. डबाभर गहू म्हणजे दोन गाणी, ज्वारी-उडदाच्या कळण्याचं दळण असलं तर अडीच. घड्याळाकडे बघत नाहीत.

गेल्या फाल्गुनात एका सकाळी गिरणी सुरू झाली आणि स्पीकर मुका. मी कात्री खाली ठेवली. देव पावला म्हणायचं! दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. माझं काम दुप्पट व्हायला लागलं, जेवण गोड लागायला लागलं. वहिनींना एकदाचं शहाणपण सुचलं असं धरून आठव्या दिवशी मी ज्वारीचा डबा घेऊन मुद्दाम तिकडे गेलो.

वहिनी पीठ चिमटीत घेऊन बघत होत्या आणि मान डोलवत होत्या. रांगेतल्या रुखमाबाईंना म्हणाल्या, "जीपवालं सुरू हाय, हे सरलं की तुमचं दळण झालं."

काहीच सुरू नव्हतं. स्पीकरची वायर उंदरानं कुरतडून टाकली होती, तिचं टोक भिंतीवर लोंबत होतं.

रुखमाबाईंनी मला डोळ्यानंच दटावलं आणि बाहेर ओट्यावर आणून म्हणाल्या, "चूप राहा भगवंतराव. तिले ऐकू येत नाई, सगळ्याइले मालूम हाय. हर्षलले समजलं तं तो गिरणीच बंद करते."

ते खरं होतं. हर्षल दिवाळीला पुण्याहून आला तेव्हाच बोलून गेला होता की आई, आता तब्येतीची एक तक्रार आली की पट्टा उतरवायचा. गिरणीच्या धडधडाटात आम्ही सगळेच ओठ बघून बोलतो, म्हणून कानांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. वहिनी कधी हाकेला ओ देत नसत, तेव्हा मी त्यांना गर्विष्ठ म्हणून मोकळा झालो होतो. मला स्वतःची लाज वाटली. आठ दिवस मी ज्याला सुख म्हणत होतो ते हे होतं.

दुपारी गिरणी बंद असताना मी चिकटपट्टी घेऊन गेलो आणि वायर जोडली. वहिनी दारातच उभ्या. मग मला राहवेना. त्यांच्यासमोर उभा राहून सावकाश म्हणालो, "वैनी, आठ दिवस गाणं बंद होतं. तुमाले समजलं नाई."

"समजलं ना."

"कसं काय?"

"तुमच्या तोंडावरून. आठ दिवसांपासून तुमी हसून राह्यले भाऊजी. सत्तावीस वर्षांत तुमाले मी कधी हसताना पाह्यलं नाई. म्हटलं, गाणे बंद पडले."

मला हसावं की रडावं कळेना. "मंग बोलल्या काऊन नाई?"

"बोलली असती तं गिरणी गेली असती." त्यांनी स्पीकरवरचं पीठ पदरानं पुसलं. "कान गेले तं गेले. पण ते गाणे मले असेही पाठ हायेत. गिरणी गेल्यावर ते कुठं वाजवू?"

मी त्याच संध्याकाळी हर्षलला फोन केला. भांडलोच त्याच्याशी. गिरणी बंद करायची नाही आणि कान तपासायचे, दोन्ही होतं, मी म्हणालो. तो आला, आईला खामगावला घेऊन गेला. कानात मशीन बसलं. घरात वहिनींना आता फोनवरचं नातीचं कुजबुजणंही ऐकू येतं. पण गिरणीच्या धडधडाटात मशीन डोकं उठवतं, म्हणून कामाला लागताना त्या ते काढून डबीत ठेवतात. पट्ट्याभोवती हर्षलनं जाळी बसवून दिली आणि पुण्याला परत गेला.

मशीन काढून कामाला लागल्या त्या पहिल्या दिवशी वहिनी ओट्यावर आल्या आणि रस्त्यापलीकडून माझ्याकडे बघत राहिल्या. काय हवंय ते मला कळेना. मग लक्षात आलं की माझे ओठ हलताहेत. शर्टाची कॉलर शिवता शिवता मी स्पीकरसोबत गात होतो, शब्द न् शब्द, आणि वहिनी ते वाचत होत्या.

"भाऊजी, दुसरं हाय ना?" त्या ओरडल्या.

"हाव, दुसरं!"

त्यांनी मान हलवली आणि पीठ बघायला आत गेल्या. मी शिलाई मशीन उचलून दाराशी आणलं आणि तोंड गिरणीकडे करून बसलो.