मागितलेला पुदिना लागत नाही

माझी शेळी आपाच्या पलंगावर उभी होती. तोंडात पुदिन्याची शेवटची काडी, तीही मुळासकट. डबा फरशीवर पालथा, माती गादीवर, आणि दारात आपा, दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन. "नळ आलाय, पळ," असं ओरडून मीच तिला घराबाहेर काढलं होतं. शेळीचं दावंही मीच सैल बांधलेलं. म्हणजे चूक कुणाची, हे शोधायची गरज नव्हती.

आपा म्हणजे क्रांती चौकामागच्या आमच्या गल्लीतली माझी शेजारीण. माहेर सिल्लोडचं. तिची एक खोली, एक खिडकी. गल्लीत शेळ्या-कोंबड्या, म्हणून हिवाळ्यात तिची शेती घरातच. तुपाच्या रिकाम्या डब्यांत कोथिंबीर, लसणाची पात, ओल्या गोणपाटावर मेथी. ऊन सरकेल तसे डबे सरकायचे. सकाळी खिडकीत, दुपारी पेटीवर, संध्याकाळी चुलीच्या उबेला. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेल, पण तिनं पाहुण्याला "उठो, मेथी का धूप आया" म्हटलं नसेल.

धने ती चपलेखाली रगडायची आणि मला सांगायची, "अक्का, रगडे बगैर उगता नै. मरदां बी ऐसेच." तिचा नवरा तिथंच बसलेला असायचा. तो आपला पेपर वाचायचा.

सगळ्यांत मान पुदिन्याचा. तो तिनं लग्नानंतर आईच्या अंगणातून चोरून आणला होता. चोरून म्हणजे, आई मुद्दाम भिंतीकडं तोंड करून बसली होती. मागितलेला पुदिना लागत नाही, चोरलेलाच लागतो, अशी त्यांची समजूत. कुणी मागितला की आपाही भिंतीकडं वळायची आणि म्हणायची, "मैं नै देखी." मग बायका काड्या खुडून न्यायच्या. त्या सगळ्यांचा पुदिना उन्हाळ्यात वाळून गेला. पाणी घालायची आठवण कुणाला होती?

मी मात्र हात लावला नाही. "आमी धनगर. लोकांची मेंढरं राखली, पण लोकरीचा पुंजका उचलला नाय. मी चोरी करायची नाय," असं मी नळावर चारचौघींत सांगितलं होतं. आपा हसायची. "अच्छा. फिर खाओ सूखी रोटी."

त्या दिवशी आपानं बादल्या खाली ठेवल्या. शेळीला मारलं नाही, मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. गादीवरची माती बोटांनी चाळून एखादं मूळ राहिलंय का बघितलं. नव्हतं.

"अम्मा गई, घर बिका. ये एकच था," एवढं म्हणाली.

आता खरं सांगते. माझ्या मोरीशेजारी फुटक्या माठात पुदिना होता. तिचाच. दिवाळीत मी तिच्याकडं नेलेलं फराळाचं ताट ती रिकामं करत होती, तेव्हा दोन काड्या मी पदराखाली घातल्या होत्या. आता नेऊन द्यावा तर तिच्या मते तो लागणार नाही, आणि दाखवावा तर मी चोर.

मी म्हटलं, "आपा, चल, चहा पी." तिला मोरीजवळ पाट दिला, चहा दिला आणि भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडायला बसले.

मग एकदम, "अक्का, ये तो मेराच है!"

"मी नाय बघितलं."

"कब चुराई गे?"

"बघितलंच नाय म्हणते ना! घे अन् जा."

मागं बांगड्या वाजल्या. ती हसत होती की रडत होती, ते मी वळून बघितलं नाही. नंतर बघते तर बयेनं अर्धा माठ रिकामा केलेला. चहा तसाच, गार.

नळावर तिनं हे कुणालाच सांगितलं नाही. मी येताना दिसले की फक्त भिंतीकडं तोंड करायची.

शेळी पुढच्या पावसाळ्यात पोट फुगून मेली. आपा त्यानंतर नऊ हिवाळे जगली. आता तिच्या खिडकीत कुणाचे तरी बूट वाळतात. मी माठ दोनदा बदलला. पुदिना तोच आहे. त्या दिवसातले आता उरलो ते तो आणि मी.