मोठ्याने सांगितलेला मंत्र

कल्याणहून आम्ही निघालो त्या सकाळी मामंजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. बैलगाडीत दोन ट्रंका, वळकटी, पाटा-वरवंटा आणि देवांची पेटी चढली, तरी त्यांनी मान वर केली नाही. ह्यांनी वाकून नमस्कार केला, मी केला, मग आमच्या सदूला पुढे केले. सदू तेव्हा सहा वर्षांचा. त्याने आजोबांच्या पायांना हात लावला आणि आनंदाने ओरडला, कारण त्याला आगगाडीत बसायचे होते. त्याचे ओरडणे म्हणजे नुसता मोठा आवाज, त्यात शब्द नाही. शेजारच्या गोठ्यातली म्हैससुद्धा दचकायची. मामंजी म्हणाले, "त्याला गप्प करा." त्या घरातून आम्ही बरोबर घेतलेले शेवटचे शब्द हे.

जाऊबाई, तुम्ही तेव्हा माजघराच्या दारात पदराने तोंड झाकून उभ्या होतात. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. आणि ज्यांच्या पदरी असे मूल आहे, ज्या अजून आपापल्या गावी बसून उद्या बोलेल, परवा बोलेल म्हणताहेत, त्या बायांसाठीही लिहिते आहे.

सदू जन्माचा बहिरा. पण आम्हांला वाटे, नुसता बोलायला उशीर आहे. सगळे उपाय केले, तुम्हांला ठाऊकच आहे. वेखंड मधात उगाळून जिभेला लावले, देवघरातल्या शंखाचे पाणी पाजले, सोनाराच्या पोपटाने चोच मारलेले पेरू मागून आणून खायला घातले. पोपट बोलून बोलून दमला आणि सदू पेरू खाऊन गुबगुबीत झाला, एवढाच काय तो गुण आला. मग एक दिवस त्याच्या पाठीमागे तांब्याची घागर धाडकन पडली आणि तो तसाच मातीत रेघा ओढत बसला. मी ती घागर तशीच टाकून परसात जाऊन रडले.

मामंजी दुष्ट नव्हते. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढचे वाचून कोणालाही तसे वाटेल. सदू त्यांची तपकीर ओढण्याची नक्कल करी, ती त्यांना फार आवडे. चिमूट नाकाशी नेली की ती आजोबांची खूण, हे आमच्या घरात पक्के झाले होते. पण मुंजीचे नाव काढले की त्यांचा चेहरा बंद होई. "जो मंत्र ऐकत नाही, म्हणू शकत नाही, त्याच्या गळ्यात जानवे घालून काय उपयोग?" असे ते म्हणत. मुंज नाही म्हणजे काय, हे मी पुरते जाणून होते. चुलतभावांच्या मुंजी होतील, ते मोठ्यांच्या पंगतीत जातील आणि हा मिशा फुटल्या तरी लहान मुलांत, स्वयंपाकघराच्या दाराशी पान मांडून बसेल. आईबापांच्या माघारी ह्याला घरातला कोण म्हणणार?

अशातच ह्यांनी वर्तमानपत्रात वाचले, की मुंबईस पाद्री लोकांनी मुक्याबहिऱ्या मुलांसाठी शाळा काढली आहे. मामंजी म्हणाले, "पाद्र्याच्या पाण्याला शिवून आलेला मुलगा माझ्या घरात नको."  ह्यांनी महिन्याभरात मुंबईच्या एका कचेरीत जागा मिळवली, आणि माझ्या मावसभावाच्या ओळखीने ठाण्यास तळ्याजवळ दोन खोल्या घेतल्या. ठाणे म्हणजे मुंबई नव्हे आणि कल्याणही नव्हे. आम्हीही त्या वेळी कुठलेच नव्हतो, तेव्हा जागा जुळली.

आता आमचे सगळे आयुष्य टाइमावर. पहाटेच्या गाडीने बापलेक मुंबईस जायचे, दिवे लागल्यावर परत. मी, जी कल्याणला खाडीची भरती आणि देवळातली घंटा ह्यांवर दिवस मोजत असे, ती आता पास, सिग्नल, मेल गाडी, लेट असे शब्द तुमच्यापुढे टाकू लागले तर तुम्ही हसाल. हसा. मला इथे सकाळी कोणी हसायलाही नसे. तिथे ताक घुसळताना तुमचे माझे जे बोलणे चाले, त्याची मला भुकेसारखी आठवण येई.

शाळेतली मडम प्रेमळ होती, पण हुकूम कडक. मुलाशी हातांनी खुणा करायच्या नाहीत, खुणा केल्या की जीभ आळशी होते. सदू पहिल्या वर्षी घरी आला की हात पाठीमागे बांधून उभा राही. भूक लागली तरी हात पुढे करीना, आणि तोंडाने तर काही येत नाही. माझे आणि त्याचे जे काही होते ते हातांतच होते, आणि शब्द येईपर्यंत तेही गेले. ह्यांच्यासमोर मी मडमेचे ऐकले. चुलीपाशी नाही ऐकले, आणि त्याचे मला काही वाटत नाही. आईला मुलाची भूक विचारायला परवानगी लागत असेल, तर आग लागो त्या परवानगीला.

पण तिच्या शाळेत एक गोष्ट मिळाली, ती मी विसरणार नाही. मुलाचा तळहात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि बोलायचे. आवाज गळ्यात घुमतो तो हाताला कळतो. मग मुलगा दुसरा हात आपल्या गळ्यावर ठेवून तसेच घुमवू पाहतो. समोर उजेडात बसायचे, ओठ दिसू द्यायचे, घाई करायची नाही. अशाने सदू दुसऱ्या वर्षी "आई" म्हणाला. घोगरे, नाकातले, पण आई. मी तव्यावरची पोळी जाळली.

ही बातमी ठाण्यात फिरली. चेंदणीच्या कोळीवाड्यातली एक कोळीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. "बाय गो, माजी पोर पन अशीच हाय. आयकत नाय, बोलत नाय. तुजा पोर बोलाया कुठं शिकला?" मी कुंपणाच्या अलीकडून तिचा हात धरून माझ्या गळ्यावर ठेवला. मग आंघोळ केली, ते सोडा. तेव्हापासून रविवारी मागच्या पडवीत ती, एक सुताराची बायको आणि मी अशा बसतो. मुले समोरासमोर बसून एकमेकांच्या गळ्यांना हात लावतात, आणि आम्ही जे घरात कोणाला सांगता येत नाही ते बोलतो.

सदूला नववे वर्ष लागले तेव्हा ह्यांनी मुंज ठरवली आणि स्वतः कल्याणला जाऊन मामंजींना बोलावले. सदू दहा-वीस शब्द बोलतो, हे त्यांच्या कानावर गेले होते. ते आले, जाऊबाई, तुम्हीही आलात. मला वाटले, आता सगळे मिटले.

मुंजीत मंत्र कसा देतात ते तुम्हांला सांगायला नको. बाप आणि मुलगा डोक्यावरून शाल घेतात आणि बाप उजव्या कानात, कोणाला ऐकू जाणार नाही असा, मंत्र सांगतो. बायकांच्या कानी तर तो पडायचाच नाही. ह्या रीतीने आम्ही इतके बांधलेले, की बहिऱ्या मुलाच्या कानात कुजबुजून काय होणार, हा विचार त्या घटकेपर्यंत कोणाच्याच मनात आला नव्हता. माझ्याही नाही.

आपण दोघी दारात होतो. शाल हलताना दिसली. ह्यांनी कानात सांगितले असेल, मग सदूने हात ह्यांच्या गळ्यावर नेला असेल. पण कुजबुजीने गळा घुमत नाही. सदू आतून धडपडू लागला, शाल ओढू लागला. भटजी म्हणाले, "हळू, हळू." तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत. एकेक शब्द सुटा करून ह्यांनी मंत्र मोठ्याने म्हटला. मी ऐकला, तुम्ही ऐकला, अंगणातल्या वाजंत्र्यांनी ऐकला. आणि त्यामागून सदूचा घोगरा आवाज, तेच शब्द धरत, चुकत, पुन्हा धरत.

मामंजी उठून उभे राहिले. "गोपाळा, मंत्र कानात सांगायचा असतो."

ह्यांनी शाल बाजूला केली. सदूचा हात ह्यांच्या गळ्यावर तसाच होता. तो हात उचलून ह्यांनी वडिलांना दाखवला. "नाना, ह्याचा कान हाच आहे."

मामंजी जेवले नाहीत. भिक्षावळीत सदू तुमच्यासमोर झोळी घेऊन आला, तेव्हा तुम्ही लाडू घातलात आणि लगेच त्यांच्यामागून निघालात. तुमचा राग नाही. तुम्हांला त्यांच्याच घरात राहायचे होते.

पुढे निरोप आला, की गोपाळाने मंत्र उघड्यावर म्हटल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावे, मग यावे. हे एवढेच म्हणाले, "कशाचे?" त्यानंतर कल्याणचा विषय हे काढत नाहीत. सासूबाईंच्या श्राद्धाला मात्र इथल्या इथे एकटेच पिंड देतात. सदू अजून कधी चिमूट नाकाशी नेतो आणि माझ्याकडे बघतो. आजोबा कधी, असे विचारतो. मडमेला जे आवडत नाही त्या खुणेने विचारतो आणि मी त्याच खुणेने सांगते, नाही.

आता तुमचा निरोप आला आहे, की मामंजी फार थकले आहेत, आम्ही दोघांनी येऊन भेटावे. मुलाचे पुढे बघू. जाऊबाई, तुम्ही मनापासून कळवलेत, हे मला ठाऊक आहे. ह्यांनी तो निरोप मला पुन्हा एकदा सांगायला लावला. बाप तो बाप. पण आम्ही दोघे म्हणून आता कुठे जात नाही. आलो तर तिघे येऊ, आणि सदू तिथे मोठ्याने बोलेल. जमत असेल तर कळवा.

तोवर इथले हेच घर. घर म्हटले की पूर्वी माझ्या डोळ्यांपुढे तुमची माझी चूल यायची, खाडीचा वारा यायचा. आता दिवेलागणीला गाडी येऊन गेली, की मी कान लावून बसते. गल्लीच्या तोंडाशी येताच सदू ओरडतो, "आ-ई!" त्या आवाजाला रस्त्यावरचे लोक वळून बघतात, कोणी हसतात. मी हातातले काम टाकून दारात येते आणि "ओ" देते. त्याला ते ऐकू जात नाही. मी रोज देते.