साडेबाराची गाडी

आमच्या गल्लीत माझ्याइतकी मतं कुणाकडेच नाहीत. आधी हे मी फुशारकीनं सांगायचो, आता कबुली म्हणून सांगतो.

नगरच्या जुन्या भागात आमची बैठी घरं आहेत, भिंतीला भिंत लागून. दारांपुढे एकच लांब ओटा. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. रिटायर झालो आणि गाडीतलं माझं बाक सुटून हा ओटा मिळाला. सकाळी चहा झाला की मी तिथं बसतो. बायका भाजी निवडायला येतात, आणि मग जगातल्या सगळ्या विषयांवर माझा निकाल लागतो. उन्हात काळं नेसू नये. कापडबाजारात पहिल्या दुकानात कधीच घ्यायचं नाही, फक्त भाव विचारून पुढं सरकायचं. शिर्डीला गुरुवारी जाणारा माणूस साईबाबा नाही, समोरच्याची पाठ बघून येतो. भंडारदऱ्याला पावसात जायचं असेल तर आधी घरी अंघोळ करून घ्या, तेवढंच पाणी दिसेल. मी बोलतो, बायका हसतात, आणि मला वाटतं, बघा, आपल्यावाचून गल्लीचं पान हलत नाही. आमची ही म्हणते, "तुमची डबल बेल कुणीतरी काढून घ्या आता."

माझ्या डाव्या हाताला आक्कांचं घर. मालक वारले, मुलगी पुण्याला दिली, आक्का एकट्या. मूळच्या अकोले तालुक्यातल्या, वरच्या डोंगरातल्या. चाळीस वर्षं नगरात काढली तरी जिभेवरचा डोंगर उतरला नाही. समोरच्या घरात भाभी राहतात, त्या फॉल-पिको करतात. गल्लीतली एकही साडी त्यांच्या मशीनखालून गेल्याशिवाय अंगावर चढत नाही. गल्ली मला 'कंडक्टरसाहेब' म्हणते. एकट्या आक्का 'भाऊ' म्हणायच्या.

ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. आक्कांचा सख्खा भाऊ डोंगरात, आणि दोघांत आठ वर्षं अबोला. मुलीच्या लग्नात मामानं आक्कांसाठी आहेराची साडी आणली होती. कसली, पोपटी रंगाची, चकचकीत. वरपक्षाच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आक्का ओशाळल्या आणि साडी न नेसता त्यांनी पेटीत टाकली. भाऊ पंगतीत न बसता निघून गेला. तेव्हापासून दर भाऊबीजेला आक्का मला ओवाळायच्या. ही पाट मांडायची, मी टोपी घालून बसायचो. सात भाऊबीजा. मला बहीण नाही, त्यामुळं मी त्या पाटावर जरा जास्तच ताठ बसायचो.

तो मामा, ती साडी, हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की भावाशी बिनसलंय.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी आक्कांच्या भाच्याचा फोन आला. त्याच्या गावात रेंज नाही, राजूरच्या बाजाराला आला की बोलतो. आक्का फोन ठेवून ओट्यावर आल्या त्या लहान पोरीसारख्या. म्हणाल्या, "भाऊनं निरोप दिलाय, ह्या भाऊबीजेला ये. न्हाई आलीस तर मी समजंन, राग गेला न्हाई, मग पुन्हा बोलावणार न्हाई."

सगळ्या बायकांना आनंद झाला. मलाही झाला, असं मी तोंडानं म्हणालो. खरं सांगू? माझ्या पोटात दुखलं. म्हणजे यंदा पाट नाही. सात वर्षं मी बसलो, आणि खरा भाऊ एका निरोपावर जिंकला. साठी ओलांडलेल्या माणसानं असला हेवा करावा! पण केला.

मग ओट्यावर सल्ल्यांचा पाऊस. काय नेसायचं? आक्का घरात गेल्या आणि ती पोपटी साडी घेऊन आल्या. म्हणाल्या, "ही नेसू का? भाभींकडनं फॉल लावून घेते." भाभींनी साडी हातात घेतली, एकदा आक्कांकडं बघितलं आणि म्हणाल्या, "हीच नेसा. मी आजच करून देते." त्यांना सगळं ठाऊक होतं. मला नव्हतं. पण ठाऊक नसताना गप्प बसायला मी कधी शिकलोय?

मी म्हणालो, "अहो आक्का, ही नेसून डोंगरात गेलात तर पोपट समजून पेरूच्या झाडावर बसवतील तुम्हांला!"

ओटा खो खो हसला. आक्काही हसल्या. साडीची घडी घालता घालता म्हणाल्या, "व्हय की, लईच पोपटी हाय." भाभींनी तरी ती फॉल लावायला नेलीच. मी पुढं सुरूच. ती जांभळी सुती नेसा, प्रवासात चुरगळत नाही. शाल कशाला, दिवाळीत कुठं एवढी थंडी असते? आणि जायचं कसं, ते मला विचारा.

"सहाची गाडी पकडा, संगमनेर करून अकराच्या आत अकोले. तिथून साडेबाराची गाडी थेट तुमच्या गावाच्या फाट्यावर सोडते. मी स्वतः केलीय ती ड्युटी, पाच वर्षं. जीपमध्ये बसू नका हं, बोंबील भरावेत तशी माणसं कोंबतात."

आक्का म्हणाल्या, "पक्कं ना भाऊ?"

"पक्कं म्हणजे! कंडक्टरचा शब्द आहे."

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. दसऱ्याच्या आधी एका बारशाला माझ्या बरोबरीचा एक ड्रायव्हर भेटला होता. जिलबी खाता खाता म्हणाला, "तुमची साडेबाराची बंद झाली हो, आता सगळी जीपनं जातात." मी त्याच्याशी भांडलो. म्हणालो, "ती गाडी कशी बंद होईल, उभं राहायला जागा नसायची." तो म्हणाला, "तुमच्या वेळची गोष्ट." ते 'तुमच्या वेळची' मला फार झोंबलं. आक्कांनी 'पक्कं ना' विचारलं तेव्हा ते वाक्य माझ्या कानात अगदी स्पष्ट वाजलं. स्टँडवर चौकशीला माझा एक फोन पुरला असता. पण सगळा ओटा माझ्याकडं बघत होता. आणि आत कुठंतरी असंही वाटलं, जाऊ दे, बघून घेईल त्यांचा तो खरा भाऊ. हे दुसरं वाटणं क्षणभराचंच होतं. क्षणभराचं म्हणून ते धुऊन निघत नाही.

भाऊबीजेच्या पहाटे आक्का निघाल्या. जांभळी सुती नेसलेल्या, हातात पिशवी, खांद्यावर शाल नाही. दोन दिवस राहून येते म्हणाल्या. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना बाहेरून कुलूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत घरात बसलो होतो आणि भिंतीपलीकडून खोकला आला.

एकदा, मग दाबून धरलेला, मग पुन्हा. आमच्या भिंती पातळ; आक्कांचा खोकला मी ओळखणार नाही तर कोण? मी हिला म्हणालो, "ऐकलंस?" ही म्हणाली, "मांजर असेल, आक्का तर गावाला." मी उठलो, मागच्या बोळात गेलो. आक्कांच्या मागच्या दाराशी त्यांच्या चपला होत्या, धुळीनं भरलेल्या. दार आतून लावलेलं. पुढं कुलूप तसंच.

मी दार वाजवलं नाही. वाजवलं असतं तर काय झालं असं विचारावं लागलं असतं, आणि काय झालं ते मला माहीत होतं. चोरासारखा घरी आलो आणि पेपर उलटा धरून बसलो. दिवसभर तो खोकला ऐकला. एक कप चहा न्यायची हिंमत झाली नाही माझी. लाज वाटते सांगायला, पण मी रेडिओ लावला.

तिसऱ्या दिवशी आक्का बोळातून वळसा घालून, पिशवी हातात घेऊन गल्लीच्या तोंडाकडून आल्या. नुकत्या गाडीतून उतरल्यासारख्या. बायका जमल्या.

"कसं झालं?"

"लई चांगलं झालं. भाऊ फाट्यावर आल्ता घ्यायला." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आन गाडी, साडेबाराला म्हंजी साडेबाराला. भाऊ म्हनले तशीच."

भाभींनी विचारलं, "पोपटी साडी बघून काय बोलले?"

"हसला," आक्का म्हणाल्या.

त्या मला वाचवत होत्या. बंद घरात, अंधारात, बिनचहाच्या बसून त्यांनी ठरवलं होतं की भाऊंचा शब्द चारचौघांत पडू द्यायचा नाही. आणि मी काय केलं? मी मांडीवर थाप मारली आणि म्हणालो, "बघा! म्हटलं नव्हतं मी?"

आजही ते वाक्य आठवलं की एकटा असलो तरी मान खाली जाते.

पुढं दोन महिने आक्का तशाच वागल्या, मला 'भाऊ' म्हणत राहिल्या. भाच्याचा फोन मात्र आला नाही. त्या लावायच्या, तिकडून बाई म्हणायची, आवाक्याबाहेर आहे. मी बघायचो आणि दुसरीकडं बघायचो.

संक्रांतीच्या आधी एका सकाळी सगळ्या ओट्यावर मटार सोलत बसल्या होत्या. भाभी म्हणाल्या, "कंडक्टरसाहेब, पोरं भंडारदऱ्याला जायचं म्हणतात. सूनबाईचं लेकरू पण आहे बरोबर. आक्का गेल्या तीच साडेबाराची गाडी धरावी ना? ती राजूरवरूनच जाते म्हणे."

आक्कांचे हात थांबले. मी त्या हातांकडं बघितलं. तान्हं लेकरू घेऊन ती पोरं स्टँडवर बसलेली मला दिसली.

"ती गाडी बंद आहे, भाभी."

आक्का पटकन म्हणाल्या, "आत्ता झाली आसंल बंद. दिवाळीत हुती." अजूनही मला वाचवत होत्या!

"दिवाळीतही नव्हती," मी म्हणालो.

भाभींनी मटाराची शेंग खाली ठेवली. "मग आक्का, तुम्ही कशानं गेल्तात?"

आक्कांनी ताट पुढं ओढलं. मग ताटाकडं बघतच सांगायला लागल्या. "गेलेच न्हाई. स्टँडवर बसले. जीपवाला दोनदा म्हनला, आजी बसा, शेवटची खेप हाय, मलाबी बहिनीकडं जायचंय. मी म्हनलं, माजी गाडी हाय. खिडकीतली पोरगी म्हनली, गाडी बंद झाली. तिच्याशी भांडले मी. म्हनलं, तुला काय कळतं, माझे भाऊ कंडक्टर हायेत, त्यांनी सांगितलंय. चार वाजेस्तवर बसले. जीपा संपल्या. भाच्याचा फोन लागंना. मंग आले माघारी." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पर भाऊंची काय चूक? रिटायर मानूस, त्यांना काय सपान पडतंय गाडी बंद झाल्याचं? त्यांनी मायेनंच सांगितलं."

इथं मी गप्प बसलो असतो तर सुटलो होतो. सगळ्यांनी मान डोलवली होती, हीसुद्धा माझ्याकडं दयेनं बघत होती. पण ते 'मायेनंच' मला सोसवलं नाही.

"आक्का, मला माहीत होतं," मी म्हणालो. "गाडी बंद झाल्याचं कानावर आलं होतं माझ्या."

"कवा?"

"दसऱ्याच्या आधी."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या. मग सोललेले मटार पदरात घेतले आणि घरात गेल्या. भाभी म्हणाल्या, "या अल्ला, कंडक्टरसाहेब." आमची ही ताट उचलून आत गेली. रात्री तिनं माझं ताट वाढून ठेवलं आणि स्वतः आत जाऊन जेवली.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या दारात गेलो. म्हणालो, "मी येतो बरोबर, तुमच्या भावासमोर सांगतो की चूक माझी." त्या म्हणाल्या, "नको." एवढंच.

दोन दिवसांनी पहाटे कडी वाजली म्हणून मी दार उघडून बघितलं. आक्का कुलूप लावत होत्या. अंगावर पोपटी साडी, भाभींनी फॉल लावलेली; वर शाल. त्या रंगात त्या किती चांगल्या दिसत होत्या, आणि ते म्हणायचा हक्क मी घालवून बसलो होतो. त्यांनी गाडी विचारली नाही. कुणालाच विचारली नाही. जीपनं गेल्या, भाभींनी नंतर सांगितलं. हेही सांगितलं की भाऊ आधी उंबऱ्याच्या बाहेर आलाच नाही, आणि मग साडी बघून आला.

संक्रांतीला आक्का परतल्या. संध्याकाळी गल्लीत घरोघर फिरून तिळगूळ दिला. आमच्याही दारात आल्या. हिच्या हातावर ठेवला, हसल्या, बोलल्या. मग माझ्यापुढं आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. माझ्या तळहातावर जपून दोन वड्या ठेवल्या.

"तिळगूळ घ्या, कंडक्टरसाहेब. गोड बोला."

त्या हाकेला मी उभा जन्म ओ देत आलोय. त्या संध्याकाळी माझ्या तोंडून ओ फुटली नाही.