अक्षरी आकड्यांची ट्यूशन

देऊळघाटच्या आमच्या ट्यूशनला इंग्रजी कमी आणि गालफडं जास्त रंगायची. शाळा सेमी इंग्रजी झाली होती, त्यामुळे गणितही इंग्रजीतूनच, आणि सुटका नव्हती. सर फळ्यावर आकडा लिहायचे, आम्ही तो वहीत इंग्रजी अक्षरांत लिहायचा. ज्याचं आधी बरोबर येईल त्याने उठायचं आणि चुकलेल्या प्रत्येकाचं डाव्या हाताने नाक धरून उजव्या हाताने थोबाडीत द्यायची. सर स्वतः मारत नसत. मारायला बंदी आहे, असं ते पालकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

बहुतेक वेळा माझं आधी यायचं, आणि चुकलेल्यांत माझा भाऊ हमखास असायचा. तो वर्षाने मोठा, पण शाळेत उशिरा घातलेला, म्हणून माझ्याच वर्गात. ढ मुळीच नव्हता. सत्तेचाळीस म्हणताना आपण सात आधी बोलतो, तसाच तो इंग्रजीतही 'सेव्हन फोर्टी' लिहून मोकळा व्हायचा.

पहिल्या दिवशी मी त्याच्या गालाला नुसता हात लावला. सर उठले. "हात मोडला काय तुहा? असं मारतात!" म्हणत त्यांनी मलाच एक ठेवून दिली. हे मारणं नव्हतं म्हणे, शिकवणं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. दुसऱ्यांदा मी अशी हाणली की भावाचा ओठ दातावर फाटला आणि त्याचं रक्त माझ्या बोटांना लागलं. सर म्हणाले, "शाब्बास."

घरी गोठ्यामागे त्याने माझी वेणी हाताला गुंडाळली. "काऊन वं, लय हुशार झाली काय?" असं म्हणून माझं डोकं भिंतीवर आपटलं. मी त्याच्या मनगटाला चावले. मग हे रोजचंच झालं. ट्यूशनमध्ये मी, गोठ्यामागे तो. घरी मी काही बोलत नव्हते, पण कुणीतरी बाबांना सांगितलंच.

"लहान्या बहिणीच्या हातचा मार खाऊन राह्यला बे? लाज नाई वाटत तुले?" बाबांनी बैलाचं दावं सोडलं आणि त्याच्या पाठीवर ओढलं. आई मध्ये पडली तर तिच्याही दंडावर वळ उठला. भाऊ रडला नाही. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याची भीती वाटली. आम्ही दोघं पूर्वी एका ताटात जेवायचो. ते सगळं मला परत हवं होतं.

म्हणून मी त्याला शिकवायला बसले. त्याचं बरोबर यायला लागलं की मारामारी संपेल, एवढंच माझं गणित. वांग्याच्या वाफ्याच्या बांधावर काडीने मातीत लिहून दाखवायचे, "पहिले चाळीस लिव्ह, मंग सात." तो शिव्या देत शिकला, पण शिकला.

आणि एके दिवशी सरांनी आकडा लिहिल्यावर मी पेन खाली ठेवलं. वही कोरी. भावाचं सगळ्यांत आधी बरोबर आलं. तो उठला. कोरं म्हणजे चूकच, म्हणून तो माझ्यापुढे आला आणि त्याने माझं नाक धरलं. मी त्याच्याकडे बघून हसले. मला वाटलं, त्याला कळलं असेल.

"हाण!" सर म्हणाले.

त्याने सगळा जोर लावला. हात गालावर नाही, डाव्या कानावर बसला. मी शेजारच्या मुलीच्या अंगावर कोसळले. डोक्यात शिट्टी वाजायला लागली ती थांबेचना. सर भावाच्या पाठीवरून हात फिरवत होते. "पाहा, मारल्याशिवाय विद्या येत नाई!"

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पडदा फाटल्याचं सांगितलं. घरच्यांनी त्यांना आणि गावाला सांगितलं, पोरगी जिन्यावरून पडली. भाऊ इंग्रजीत पास झाला तेव्हा बाबा सरांकडे पेढे घेऊन गेले. त्या सरांचा मला आजही संताप येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही.

पण कानाला लागलं त्या संध्याकाळी ट्यूशनमधून घरी येताना भाऊ माझ्या डाव्या बाजूने चालत होता आणि सारखं काहीतरी बोलत होता. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते, शब्द मात्र त्या शिट्टीत बुडत होते. तो रडतही होता. घराजवळ आल्यावर मी विचारलं, "काय म्हनत होता?"

"काई नाई," तो म्हणाला. नंतर कितीदा विचारलं, त्याने ते पुन्हा कधी सांगितलं नाही.