पाण्याची काच

युफेनने थान शिफूंना पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा ते डोळे मिटून इंजिनात उभे होते. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, खाणीच्या इंजिनशेडमध्ये हजेरी लिहायला नुकतीच लागलेली. शिफू, म्हणजे उस्ताद, एक छोटं चाक फिरवत होते, पुन्हा फिरवत होते, आणि फायरमन पांग खालून ओरडत होता, "अहो शिफू, ती काच आहे, बायकोचा गाल नाही! किती वेळा?"

"तीनदा," शिफू म्हणाले. "आणि तुझ्या बायकोला कळव, तुला अक्कल एकदाच दिलीय."

इंजिन अमेरिकेचं. महायुद्धाच्या घाईत एकाच मापाची शेकडो बनवली गेली, त्यातलं एक. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते दाखवणाऱ्या काचेच्या वरच्या तोंडाला, दुसऱ्या इंजिनांवर असतो तसा दांडा नव्हता. हे चाक होतं. दांडा बंद आहे की उघडा, ते लांबूनही दिसतं. चाक उघडं असो की बंद, सारखंच दिसतं. वरचं तोंड बंद राहिलं तर काचेत पाणी भरलेलं दिसतं, आणि बॉयलरमध्ये ते नसतंच. म्हणून ताबा घेताना ते उघडं आहे की नाही, हातानेच पाहायचं.

सत्तावीस वर्षं या इंजिनावर काढून शिफू पंचावन्नचे झाले. गुडघे गेले होते, जेवतानाही ते बसल्या जागी पेंगत. निवृत्त होणाऱ्याच्या जागी त्याच्या मुलाला किंवा मुलीला घेत, पण ही सोय त्या वर्षानंतर बंद होणार अशी बोलवा होती. त्यांची मुलगी रुइछिन चार वर्षं कामाविना घरी बसून होती. अट एवढीच, की निवृत्त होणाऱ्यावर चौकशी चालू नसावी.

निवृत्तीच्या अर्जावर शिक्का उमटवायला शिफू एका सकाळी युफेनच्या खिडकीशी आले. शाई वाळली होती. ती पुन्हा भिजवेपर्यंत गाडी सुटायची वेळ झाली. "राहू दे पोरी, आलोच संध्याकाळी," म्हणत ते लंगडत धावले. त्या दिवशी चाकाला हात लागला नाही.

पुढचं पांगने सांगितलं. कोळशाचे वीस डबे घेऊन चढावर असताना शिफूंची नजर एकदम काचेवर थांबली. इंजिन हादरत होतं, पण काचेतलं पाणी हलत नव्हतं. त्यांनी चाक फिरवलं. आदल्या दिवशी काच बदलणाऱ्या फिटरने ते बंदच ठेवलं होतं. काचेतलं पाणी सरसर उतरलं आणि दिसेनासं झालं.

"लगेच पाणी आत सोडतो," पांग म्हणाला. "पाच मिनिटांत सगळं ठीक. कोण विचारणार?"

"तापलेल्या पत्र्यावर थंड पाणी? बॉयलर फुटेल, मरायचंय? आग खाली पाड."

"शिफू, मार्ग अडेल! चौकशी लागेल! रुइछिनचं काय?"

"आग पाड म्हटलं ना."

पांगने आग रुळांवर पाडली. इंजिन थंड पडलं, आणि चढावरचा मार्ग दिवसभर अडून राहिला.

संध्याकाळी युफेन अहवाल लिहायला बसली. समोर शिफू, काळ्या हातांनी टोपी पिळत.

"फिटरने चाक बंद ठेवलं, असं लिहिते. खरंच आहे ना ते?"

"खरं आहे. तेही लिही."

"मग तुमचं काय चुकलं?"

"हात लावून बघणं माझं काम होतं. तेही लिही. मी बघितलं नाही."

"थान काका, शेवटचं वाक्य मी विसरले तर?"

"विसरू नकोस." त्यांना बोलायचा कंटाळा आला होता. "उद्या दुसरा कुणी त्या जागेवर चढेल. त्याला कळू दे."

तिने लिहिलं. चौकशी आठ महिने चालली, आणि तोवर जागेवर मुलांना घेण्याची सोय बंद झाली. रुइछिन आठवडाभर बापाशी बोलली नाही. मग तिने बाजारात शिवणाचं यंत्र भाड्याने घेतलं.

थान शिफू आता ऐंशीच्या पुढे आहेत. ते रुइछिनच्या शिवणाच्या दुकानामागच्या खोलीत राहतात, आणि सकाळी नजर साथ देते तोवर गिऱ्हाइकांच्या कोटांना बटणं लावतात.