गाळलेली नदी

आमच्या टापटीपरावांची नोकरी साधी. नदीचं पाणी बाटलीत भरायचं आणि तपासणीला प्रयोगशाळेत पोचवायचं. माणूस भलताच नीटनेटका. पाहुण्यांच्या घरी गेला तरी दारातल्या सगळ्यांच्या चपला जोडीने लावून मगच आत शिरणार.

आता कागदाच्या कारखान्याखालची नदी म्हणजे नुसता काळा राडा, वर साय धरल्यासारखा फेस. असलं काही साहेबांच्या टेबलावर पाठवायचं? शोभतं का ते? म्हणून हे गृहस्थ काठावर बसून पाणी तीन पदरी फडक्यातून गाळत, बादलीत निवळू देत आणि वरवरचं तेवढं भरत. एकोणीस वर्षं अहवाल येत राहिला: पाणी ठीक.

मग नवा कायदा आला. नदी, जंगल असं पार मारून टाकणं हा गुन्हा. मालकाला थेट तुरुंग. पहिलाच खटला ह्या कारखान्यावर. कारखान्याच्या वकिलाने ते एकोणीस वर्षांचे अहवाल कोर्टात मांडले. मासे मेले ते वयोमानाने, म्हणाला.

पेपरात हे वाचून टापटीपरावांचं जेवण सुटलं. निवृत्तीला चार महिने. बोलावं तर नोकरीवर गदा आणि चारचौघांत शोभा. गप्प बसावं तर मालक सुटणार.

"एकोणीस वर्षं नदीला आंघोळ घालून पाठवलीत," बायको म्हणाली. "आता सांगून टाका की."

"लोक हसतील गं."

"मी लग्नापासून हसतेय. काय झिजलात?"

गेले. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहिले.

"गाळून भरायचात?" न्यायाधीशांनी चष्माच काढला.

"तीन पदरी, साहेब. आणि फडकं रोज धुतलेलं."

कोर्ट खदखदून हसलं. कारखान्याचा वकीलही हसला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तो एकटाच गप्प झाला.

त्याच दिवशी टापटीपराव निलंबित. पण कोर्टाने नवे नमुने मागवले, सगळ्यांदेखत, आणि जागा दाखवायला हेच हवे होते. दुसऱ्या कर्मचाऱ्याने बाटली बुडवून वर काढली. बाहेरून काळे ओघळ.

"अहो, निदान बाहेरून तरी पुसा!" वकील म्हणाला.

टापटीपरावांचे हात नुसते शिवशिवत होते. ते त्यांनी पाठीमागे घट्ट धरले.

"खबरदार कुणी पुसलीत तर," ते म्हणाले. "आहे तशी जाऊ दे तिला."